दोन मुठी पावडर

सहादू साळवे बाभुळखडीचा कोतवाल होता, आणि कोतवालाला लागतो त्यापेक्षा त्याचा आवाज बराच लहान होता. दवंडी द्यायची असली की तो एकाच आळीत तीन ठिकाणी थांबायचा. "सहादू, जरा मोठ्यानं. आमच्या कोंबड्यास्नी ऐकू गेलं न्हाई," असं कुणीतरी ओसरीवरून म्हणायचंच. तो हसायचा नाही, रागवायचाही नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळा मजकूर म्हणायचा, वार-तारखेसकट. कागदात असेल ते पुरतं पोचवायचं, मधलं काही गाळायचं नाही, ही त्याची खोड होती. उंच, वाळका, चौथी पास. चावडीत शिरताना चपला बाहेर काढून जोडीनं भिंतीला टेकवून ठेवायचा.

त्र्याहत्तर सालच्या चैत्रात गाव टँकरच्या पाण्यावर जगत होतं. विहिरीला स्वतःचा झरा उरला नव्हता. घोडेगावच्या रस्त्यानं सकाळी टँकर यायचा, सगळं पाणी विहिरीत सोडायचा आणि निघून जायचा. मग बायका तेच पाणी पोहऱ्यानं वर काढायच्या. धडधाकट माणसं दिवसभर माळावरच्या पाझर तलावाच्या कामावर असत. माती खणायची, पाट्या वाहायच्या, दुपारी सरकारकडून मिळणारी सुकडी खायची आणि रात्री मिलोची, म्हणजे रेशनच्या परदेशी ज्वारीची, लालसर भाकरी.

विहिरीभोवती दगडी ओटा होता. त्या ओट्यावर सहादूच्या वस्तीतलं कुणी चढत नसे. वस्तीतल्या बाया आपले हंडे खाली ओळीनं मांडून उभ्या राहायच्या आणि गावातली एखादी बाई वरून त्यांच्यात पाणी ओतायची. बहुतेक वेळा ती गोजरबाई असे. साठी उलटलेली, तोंडानं फाटकी, हातानं उदार. "लांब व्हा गं, शिंतोडे उडत्यात," असं म्हणत म्हणत ती सगळे हंडे काठोकाठ भरून द्यायची. छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून साळव्यांनी घरातले जुने देव नदीत सोडले होते, मेलेली जनावरं ओढणं थांबवलं होतं, पोरं शाळेत घातली होती. ओटा मात्र तसाच राहिला होता. कायदा काय म्हणतो हे चावडीतल्या कागदांमुळे सहादूला गावात सगळ्यांत जास्त माहीत होतं. पण पाणी कायदा ओतत नव्हता, गोजरबाई ओतत होती.

पहिला गेला तो रंभाजी नावाचा तलावावरचा मजूर. दुपारी पोटात कळ आली, संध्याकाळी डोळे खोल गेले, उजाडायच्या आत संपला. दोन दिवसांनी वस्तीतलं तीन वर्षांचं मूल गेलं. पेजेसारखे जुलाब, पायात गोळे, बसलेला आवाज. जुनी माणसं रोगाचं नाव घ्यायला धजत नव्हती. पटकी होती ती.

सहादूच्या घरी त्याची लेक कलाबाई पहिल्या बाळंतपणाला आली होती. नववा लागलेला. भिमाबाई, तिची आई, लेकीपुरतं तांब्याभर पाणी उकळून ठेवायची. सगळ्या घराचं उकळायचं तर जळण कुठून आणणार? आणि कला अशी, की तहान लागली की समोरच्या हंड्यात फुलपात्र बुडवून मोकळी. ते पाहिलं की सहादूच्या हातातलं काम थांबायचं.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर चांदेकर जीपमधून आले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण, चष्म्यावर धूळ, तीस गावं एकट्याच्या अंगावर. त्यांनी आजाऱ्यांना सलाईन लावली, तपासणीला नमुने घेतले आणि चावडीत पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरीचा मोठा डबा ठेवला. मग सहादूला समोर उभं करून समजावलं. रोज टँकर गेला की दोन मुठी पावडर बादलीत कालवायची. गाळ खाली बसू द्यायचा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, ती बादली दोरानं विहिरीत सोडायची आणि चारी बाजूंना पाण्याखाली वरखाली हलवायची. पुढं अर्धा तास कुणी पाणी भरायचं नाही.

"एक दिवस चुकवून चालणार नाही. काय समजलं?"

सहादूनं सगळं पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता, दवंडीसारखं म्हणून दाखवलं. डॉक्टर दमले होते, तरी हसले.

"साहेब, येक इनंती," सरपंच आप्पासाहेब म्हणाले. "पटकी लिहू नका. हगवन लिहा. पटकी म्हनलं की तलावाचं काम बंद, घोडेगावचा बाजार बंद. रोगातनं वाचलेली उपाशी मरतील."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि वहीत 'तीव्र जुलाब' असं लिहिलं. "तपासणीचा कागद येईपर्यंत हे असू दे. पण पावडर पडली पाहिजे, आप्पासाहेब."

"पडंल की. आमचा कोतवाल पक्का मानूस हाय."

जीपची धूळ खाली बसली तसे आप्पासाहेब सहादूकडे वळले. "कालवायचं काम तुझं. विहिरीत सोडायचं रंगनाथ करील." रंगनाथ म्हणजे ग्रामपंचायतीचा शिपाई, तिशीतला, मनमिळाऊ गडी. ओट्यावर कुणी चढायचं आणि कुणी नाही हे डॉक्टरांना सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

असं सुरू झालं. चिंचेखाली सहादू पावडर कालवायचा, निवळ पाण्याची बादली जमिनीवर ठेवून चार पावलं मागं सरायचा. रंगनाथ बादली उचलून ओट्याकडे जायचा. सहादूला तिथं थांबायला सवड नसे. अर्धा तास पाणी भरू नका, ही दवंडी त्याच वेळी आळीआळीतून द्यावी लागायची.

चावडीपुढं रोज संध्याकाळी बोलणी चालत. सगळ्यांत मोठा आवाज बन्सीचा. तलावावर मुकादम होता आणि कुणाची भीड ठेवत नसे.

"मंत्री आले, मातीच्या ढिगावर हुबं ऱ्हाऊन फोटो काढला. टँकर कुठल्या डबक्यात भरत्यात ते कुनी इचारलं का?"

"मी सभापतीला तीनदा भेटलो," आप्पासाहेब म्हणाले.

"भेटून काय केलं? तीनदा च्या प्यालासा."

"आरं, टँकर कुनी आनला? तलावाचं काम कुनी आनलं?"

"तुमीच आनलं. आनि पटकी लपिवलीबी तुमीच. शेजारच्या गावात सगळ्यास्नी सुया टोचल्या, आपल्याला हगवनीच्या गोळ्या."

कुणी म्हणायचं डॉक्टर पोरगेला आहे, कुणी म्हणायचं सरकारनं माणसं मोजायचीच सोडली आहेत, कुणी म्हणायचं मरीआईचा कोप झालाय, सरकार काय करणार. सहादू पायरीशी बसून ऐकायचा. त्याचं मत कुणी विचारत नव्हतं.

पावडर सुरू होऊन सहा दिवस झाले आणि सातव्या दिवशी बन्सीची बायको मुक्ताबाई गेली. सकाळी ती विहिरीवर हसत बोलत होती. बन्सी तिला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे निघाला होता. अर्ध्या वाटेवरून गाडी मागं फिरवली.

त्या दिवशी पहिल्यांदा सहादूच्या मनात आलं, पाण्याला वास का नाही? घरी येऊन त्यानं हंड्यात नाक घातलं. बादली कालवताना त्याच्या बोटांना जो वास बसायचा, आंघोळ केली तरी जात नसे, तो हंड्याला जरासुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर यायच्या आत तो विहिरीला वळसा घालून मागं गेला. ओट्यामागं तरवडाचं एक झुडूप होतं. साऱ्या माळावर तरवड तेवढा हिरवा राहिला होता, आणि हे झुडूप पांढरं पडून करपलं होतं. बुडाशी माती ओली होती. सहादूनं चिमूटभर माती उचलून हुंगली आणि तिथंच खाली बसला.

रंगनाथ चावडी झाडत होता. सहादूनं त्याच्यापुढं मूठ उघडली.

रंगनाथनं माती पाहिली, झाडू भिंतीला लावला. "पयल्या दिशी सोडली हुती मी विहिरीत. शपथ. बायका वरडल्या. पानी न्हवं, धुन्याचं औषध पाजतोय म्हनल्या. आप्पांच्या घरचा चहा वाया गेला. मंग आप्पा म्हनले, रंगनाथ, दमानं घे."

"दमानं म्हंजी?"

"म्हंजी काय ते मी समजलो."

"दादा, डबा निम्मा झाला. रोज मी कालवतो, रोज गावभर दवंडी देतो. आनि तुमी झाडाला पाजता?"

"तुझ्या सांगन्यावरनं आप्पांचा शब्द मोडू? नोकरी लागून दोन वर्सं न्हाई झाली मला." रंगनाथनं झाडू पुन्हा उचलला, पण झाडलं नाही. "मुक्तावयनी माझ्या आत्याची सून हुती, सहादू," तो हळूच म्हणाला.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. टँकरसाठी ते उन्हातान्हात तालुक्याला खेपा घालत होते, हे खरंच होतं. पण समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे, आणि समोर रोज निराळा माणूस बसत असे. त्या सकाळी त्यांच्या ओसरीवर गावातली जुनी मंडळी बसून गेली होती. चावडीतून थेट आलेल्या सहादूचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"गाव पावडर पिनार न्हाई, सहादू. मंगळवारी मरीआईचा गाडा काढायचं ठरलंय. आईला शिवेपार पोचिवली की रोग जातो, असं म्हनत्यात सगळी. आनि गाडा तुमच्या घरानं ओढलाय. तुझ्या बापानं, आज्यानं."

"आप्पा, मी देवच सोडले. गाडा कुनाचा ओढू?"

"येका दिसाचा तर प्रश्न हाय."

"सतरा वर्सांचा हाय."

आप्पासाहेबांनी दुसरीकडे पाहिलं. सहादू हात जोडून म्हणाला, "गाडा काढा तुमी. मी आडवा येत न्हाई. पावडर तेवढी विहिरीत पडू द्या. माझी पोरगी त्योच हंडा पिती, तुमच्या घरातबी त्योच."

"आदी गाडा. मंग पावडरीचं बघू. आनि न्हाई ओढलास, तर वस्तीच्या हंड्यात कोन पानी ओततंय, तेबी बघू."

हे नुसतं बोलणं नव्हतं. सोमवारी वस्तीतल्या बाया हंडे घेऊन ओट्याखाली उभ्या राहिल्या तेव्हा वरून कुणी पाणी ओतलं नाही. गोजरबाईनं पोहरा भरून काठावर ठेवला होता. पाटलाच्या आळीतल्या बायांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं पोहरा आपल्याच घागरीत रिकामा केला, पदर कपाळावर ओढला आणि खाली न बघता निघून गेली. वस्तीतल्या बाया ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याकडे वळल्या. तिथं जनावरंही पाणी पीत.

त्याच दिवशी सहादू बारा मैल चालून आरोग्य केंद्रावर गेला. डॉक्टर दुसऱ्या टोकाच्या गावात होते, परवा येतील असं कंपाउंडर म्हणाला. पावडर विहिरीत पडत नाही, अशी चिठ्ठी सहादूनं लिहून ठेवली आणि परत फिरला. घरी आला तेव्हा भिमाबाई दारात बसली होती.

"ओढनार का गाडा?"

"न्हाई."

"बरं केलं." तिनं आत वळून लेकीकडे पाहिलं. "कलीनं दुपारी झिऱ्याचं पानी पिलं. मी जळन बघाया गेल्ते, तवर."

सहादूनं पायातली चप्पल काढली आणि हातात धरून तसाच बसून राहिला. डॉक्टर परवा येणार होते. परवा यायच्या आत दोन दिवस पाणी प्यायचं होतं. भिमाबाईनं आत जाऊन चूल पेटवली. घरातली पेरणीची मोडकी पाभर फोडून तिनं जळण केलं होतं.

मंगळवारी दुपारी गाडा सजला. हातभर उंचीची लाकडी गाडी, तिच्यात हिरवं लुगडं नेसवलेली आई, पुढं दहीभात, लिंबं, हिरव्या बांगड्या, चहूबाजूंनी कडुलिंबाचे डहाळे. सगळं गाव देवळापुढं जमलं. डफ वाजत होता. आणि दोरीला हात लावायला कुणी पुढं येईना. दोरी धरेल त्याच्या अंगावर आई आधी येते, हे साऱ्यांना पक्कं माहीत होतं. पिढ्यान् पिढ्या ती दोरी साळव्यांच्या हातात दिली जात होती, तीही त्यामुळेच.

सहादू चावडीच्या पायरीवरून पाहत होता. दोन-तीन माणसं त्याच्याकडे रोखून बघत होती. कुणीतरी ओरडलं, "कोतवालाला धरून आना!"

चार पोरं खरंच पुढं सरली. सहादू उठून उभा राहिला. पळून जाण्यासारखी जागा नव्हती आणि त्याचा तसा विचारही नव्हता. तेवढ्यात गोजरबाई गर्दीतून गाड्यापाशी आली.

"त्याला कशापायी? आप्पा, मतं मागाया सगळ्यांच्या म्होरं हुतास. आता दोरीच्या टायमाला मागं का रं?"

गर्दीत कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. "व्हय व्हय, सरपंचानंच धरायची," असं दोन्ही बाजूंनी सुरू झालं. बन्सी पुढं झाला. त्यानं दोरीचं टोक उचललं, आणून आप्पासाहेबांच्या हातात दिलं. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला, पण गावासमोर दोरी खाली टाकायची हिंमत त्यांना झाली नाही. दुसरं टोक त्यांनी रंगनाथच्या हातात दिलं.

"सहादू, गाव रिकामं हाय. तू चावडी सोडू नको," एवढं बोलून ते निघाले.

गाडा खडखडत शिवेकडे गेला आणि गाव मागोमाग. कुणी मागं वळून बघायचं नाही. गाडा शिव ओलांडेपर्यंत चूल पेटवायची नाही, विहिरीचं पाणी काढायचं नाही, अशी रीत होती. अंथरुणाला खिळलेली माणसं दारं लावून आत पडली होती. आळ्यांतून कुत्रीसुद्धा फिरत नव्हती.

सहादूनं डबा उघडला. दोन मुठी. मग थोडं थांबून तिसरी. आठ दिवस पावडरीविना राहिलेलं पाणी होतं. बादलीत कालवून तो चिंचेखाली बसला. गाळ बसायला वेळ लागतो आणि तो वेळ काही केल्या सरेना. डफाचा आवाज लांब लांब जात होता. निवळ पाणी त्यानं दुसऱ्या बादलीत घेतलं, चावडीतला दोर खांद्यावर टाकला आणि विहिरीपाशी आला.

ओट्याला तीन पायऱ्या होत्या. पन्नास वर्षांत त्यानं त्या रोज पाहिल्या होत्या. चपला काढून त्यानं पायरीशी जोडीनं ठेवल्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उचलून चिंचेमागं लपवून आला. वर पोचल्यावर तो काठावर वाकला. पाणी खोल होतं, काळं, आणि त्यात त्याचं डोकं दिसत होतं. त्यानं बादली सोडली. पाण्यात बुडवून दोर वर ओढला, खाली सोडला, पुन्हा ओढला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, चारी बाजूंना फिरून.

आणि शिवेकडचा डफ एकदम थांबला.

सहादूचा हात थबकला. आरडाओरडा ऐकू आला, मग धावती पावलं. बादली सोडून पळावं तर बादली विहिरीत. त्यानं दोर तसाच धरून ठेवला.

रंगनाथ पळत आला, घामानं निथळत. शिवेवर पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन आडवे उभे राहिले होते, रोग आमच्याकडे लोटू देणार नाही म्हणून; चावडीतल्या काठ्या न्यायला आप्पासाहेबांनी त्याला पाठवलं होतं. चावडीकडे वळता वळता त्याला सहादू दिसला.

"सहादू! उतर खाली!"

"दोन खेपा ऱ्हायल्यात."

"आरं, कुनी बघितलं तर हाडं मोडतील तुझी."

"तू बघितलंस की." सहादूनं त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. दोघांच्याही ते ध्यानात आलं. "वरड. गोळा कर गाव. मी काय केलं ते तू सांग, तू काय केलंस ते मी सांगतो."

रंगनाथनं शिवेकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. मग चावडीत शिरला, काठ्यांचा भारा घेतला आणि पळत निघून गेला.

सहादूनं राहिलेल्या दोन खेपा पुऱ्या केल्या. बादली वर काढली, काठावरचं ओलं उपरण्यानं पुसलं आणि खाली उतरला.

शिवेवर काठ्या चालल्या नाहीत. अर्धा तास शिवीगाळ होऊन गाडा शेवटी दोन्ही गावांच्या मधल्या ओढ्यात, कुणाच्याच हद्दीत नाही अशा जागी सोडायचं ठरलं. गाव परत आलं ते थकून, तहानेनं. बायका सरळ विहिरीवर गेल्या. गोजरबाईनं पहिला पोहरा काढला, तोंडाशी नेला आणि थांबली.

"हे कुनी केलं? वास येतोय."

सगळ्या बाया वाकून हुंगू लागल्या. पुरुषही जमले. सहादू चिंचेपाशी उभा होता. मजकूर त्याच्या ओठांवर तयार होता, अगदी वेळेसकट. पण त्यानं तो सांगितला असता तर विहीर बाटली म्हणून गाव तिला हात लावणार नव्हतं. उपसून काढली असती, आणि तोवर सगळे झिऱ्यावर गेले असते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पोचवायची गोष्ट गिळली. मान खाली घातली.

"मी टाकली," रंगनाथ म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "गाडा निघायच्या आदी. आप्पांनी सांगितलं हुतं."

आप्पासाहेब चमकले. पण समोर दोनशे माणसं होती, आणि नाही म्हणायचं तर पुढं काय म्हणायचं हे त्यांना सुचलं नसावं. "व्हय," ते म्हणाले. "मीच सांगितलं. आईचंबी झालं, डॉक्टरचंबी व्हऊ द्या. रोज टाकायची आता."

गोजरबाईनं नाक मुरडून पोहरा तोंडाला लावला. मग दुसरा पोहरा काढून खाली पाहिलं. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन लांब उभ्या होत्या. "या की. का आवातनं धाडू?"

त्या दिवसापासून रंगनाथनं खरोखर रोज पावडर टाकली. आणखी दोन माणसं आजारी पडली ती जगली. डॉक्टर आले, चिठ्ठीबद्दल काही विचारायला लागले. सहादू म्हणाला, आता पडतीय. तपासणीचा कागद आला, त्यात पटकीच होती. सगळ्यांना सुया टोचल्या गेल्या, आणि तलावाचं काम काही बंद पडलं नाही. कलाबाईला मुलगी झाली.

"सांगनार न्हाई कवाच?" भिमाबाईनं एकदा विचारलं.

"सांगितलं तर विहीर उपसतील. येवढं पानी कुठनं आनायचं?"

भाद्रपदापर्यंत पावसानं विहीर निम्म्याच्या वर चढली. तालुक्याहून कागद आला, पहिल्या दिवसापासून रोज पावडर टाकून साथ आटोक्यात आणल्याबद्दल सरपंचांचं अभिनंदन करणारा. चावडीपुढं माणसं जमली, आप्पासाहेबांना हार घातला आणि सहादूला कागद वाचायला सांगितला. त्यानं तो तारखेसकट वाचला. मग नेहमीची बोलणी सुरू झाली. गाड्यामुळं गाव वाचलं, असं अर्धे म्हणत होते. पावडरीमुळं, असं बाकीचे.

"कागदात लिवलंय, पयल्या दिवसापास्नं पावडर पडली," बन्सी म्हणाला. तो हल्ली फारसा बोलत नसे, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले. "मंग माझी मुक्ता कशी गेली? सातव्या दिशी गेली ती. आप्पा, पावडर पडत हुती तर कशी गेली?"

आप्पासाहेबांनी हाराशी चाळा केला. "आयुष्य असतंय ज्याचं त्याचं, बन्सी."

रंगनाथ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं सहादूकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

सहादूनं कागदाची घडी घातली. "बन्सीभाऊ," तो म्हणाला, नेहमीच्या लहान आवाजात. "पयल्या दिसानंतर गाडा निघस्तोवर पावडर विहिरीत पडलीच न्हाई. ओट्यामागं वतली. मला ठावं झालं मुक्ताबाई गेल्यावर. आनि गाड्याच्या दिशी टाकली ती रंगनाथदादानं न्हाई. मी टाकली. ओट्यावर चढून."

कुणी म्हणालं नाही, मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

मग एकदम गलका उठला. "ह्यो चढला? विहिरीवर? बाटवली की! उपसा, आत्ताच्या आत्ता उपसा!" दोघं-तिघं सहादूच्या अंगावर आले.

"उपसा की," गोजरबाई ओरडली. "आनि पाच म्हैने पोटात गेलंय ते कुठनं उपसनार? जित्ती हायसा त्या पान्यानं."

बन्सी उठला. तो सहादूकडे आला नाही. आप्पासाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "दमानं घे म्हनला असशील," तो म्हणाला. "तू सगळ्यास्नी त्येच म्हनतोस." आप्पासाहेबांनी हार काढून मांडीवर ठेवला. बन्सी निघून गेला. त्याच्यामागं एकेक करून चावडी रिकामी झाली. रंगनाथ शेवटपर्यंत भिंतीशीच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादूनं चिंचेखाली पावडर कालवली. गाळ बसला, निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतलं. रंगनाथ आला नाही. विहिरीवर बायका होत्या, नेहमीपेक्षा कमी. दोन घरांनी शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायला सुरुवात केली होती. ओट्याच्या पायरीवर बन्सी बसला होता. तो कधीपासून तिथं होता, कुणास ठाऊक.

सहादू बादली घेऊन चार पावलांवर थांबला.

बन्सी पायरीवरून उठून बाजूला झाला. "जा वर," तो म्हणाला. "मी बघनार हाय. रोज बघनार."

सहादूनं चपला काढल्या आणि वर चढला. बायकांनी घागरी जवळ ओढून त्याला वाट दिली. त्यानं बादली सोडली, चारी बाजूंना फिरून दोर वरखाली केला. बन्सी काठाशी येऊन वाकून बघत होता. बादली वर येईपर्यंत त्यानं पाण्यावरची नजर काढली नाही.